एक बोट वर

गाडी चढावर दगा द्यायला लागली हे पहिले काही दिवस मी घरात कोणाला कळूच दिलं नाही. कळलं असतं तर आमचे हे लगेच म्हणाले असते, "बघ, मी म्हणत होतो." त्यांचं हे 'मी म्हणत होतो' मी लग्न झाल्यापासून ऐकतेय, आणि गंमत अशी की आधी ते कधीच काही म्हणालेले नसतात.

दगा म्हणजे काय ते सांगते. गाडी ऑटोमॅटिक. पायाखाली क्लच नाही, हाताने गिअर बदलायचे नाहीत, सगळं तिचं तीच करते. वयाने म्हातारी, टपावरचा रंग उडालेला, मागच्या दाराला पोचा, पण स्वभावाने गुणी. आता तिचं असं झालं होतं की घरून निघताना अगदी शहाण्यासारखी चालायची, आणि चांगली तापली की चढावर, दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना मध्येच लोंबकळायची. मी पाय दाबतेय, इंजिन कोकलतंय, आणि गाडी पुढे जायचं नाव घेत नाही. मग एकदम गचका देऊन निघायची. तोवर मागचे लोक हॉर्न वाजवून माझा उद्धार करत असायचे.

मी एवढी का धास्तावले, तर क्लच नावाच्या वस्तूने मला आयुष्यभर छळलंय. लग्नानंतर ह्यांनी मला मोकळ्या मैदानावर गाडी शिकवायला नेलं होतं. शिकवणं म्हणजे शेजारी बसून 'क्लच, क्लच, अगं क्लच' असं ओरडणं. त्या एवढ्या मोठ्या मैदानात एकच खांब होता आणि तो मी बरोबर शोधून काढला, असं हे अजूनही पाहुण्यांना रंगवून सांगतात. खांबाला टेकलेल्या गाडीतून मी उतरले, दार आपटलं आणि चालत घरी आले. कानाला खडा लावला. पुढे मुलगा मोठा होऊन नोकरीला लागला तरी मी आपली शेजारच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन.

मग ह्यांचा डावा गुडघा गेला. क्लच दाबताना कळ मस्तकात जायची, म्हणून ही जुनी ऑटोमॅटिक घेतली. ह्यांना ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. ही गाडी नाही, पाळणा आहे म्हणाले. एकदा मी गंमत म्हणून चालवून बघितली, आणि काय सांगू, जन्मभर हा पाळणा मला का कोणी दिला नाही असं वाटलं. साठी दारात आलेली असताना मी परीक्षा देऊन लायसन काढलं.

तेव्हापासून दर बुधवारी मी ताईकडे जाते. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, डोंगरावर राहते. तिथे बस जात नाही, आणि तिला आता फार चालवत नाही. मी तिला गाडीत बसवते आणि डोंगरामागच्या तळ्यापर्यंत चक्कर मारून आणते. तळ्यावर आम्ही काही करत नाही. काचा खाली करतो आणि लहानपणची भांडणं जिथे थांबली होती तिथून पुढे चालू करतो. परत निघालो की ती म्हणते, अजून एक चक्कर. आणि मी मारते. कोणाला विचारायचं नाही, कोणी सोडायला येईल म्हणून पिशवी घेऊन दारात उभं राहायचं नाही. ज्यांना हे सुख जन्मापासून फुकट मिळालंय त्यांना ते कळायचं नाही.

आणि नेमका ह्यांचा गुडघा बरा झाला. ऑपरेशन झालं आणि हे पाहुण्यांसमोर दोन दोन पायऱ्या एकदम चढून दाखवायला लागले. त्यांचा कारखान्यातला जुना मित्र आपली क्लचवाली गाडी विकत होता. हे तिला 'खरी गाडी' म्हणायचे, म्हणजे माझी खोटी. इमारतीखाली आमची जागा एकाच गाडीची. ह्यांनी मला न विचारता मित्राला शब्द देऊन टाकला, की रविवारी तू तुझी घेऊन ये आणि आमची जुनी मोडीत घालायला घेऊन जा. मी म्हटलं, का म्हणून? तर म्हणाले, तिचं आता काही खरं नाही, ती चढावर अडकते, आणि तिच्याखाली फरशीवर लाल थेंब पडतात. म्हणजे मी एवढं झाकलेलं ह्यांना सगळं ठाऊक होतं.

लाल थेंब मीही बघितले होते. गिअरचं तेल लाल असतं. सकाळी गाडी काढली की जागेवर ठिपके दिसायचे, ते मी चपलेने पुसायचे.

एक मात्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं. गाडी आजारी म्हणून विकायची आहे ना, मग रविवारच्या आत ती बरी झाली तर विकायला कारणच उरत नाही. नाहीतर माझं पुन्हा शेजारचं सीट आणि मांडीवर पिशवी. आणि ताईला मी काय सांगणार होते, की आता मला सोडायला कोणी आलं तर येईन?

इथे ह्यांच्याबद्दल एक सांगायला हवं. हे जन्मभर साबणाच्या कारखान्यात बॉयलरवर होते. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी बाहेर काचेच्या नळीत दिसते. ती खाली गेली की धोका, कधी स्फोटसुद्धा. जरा वर गेली तर वाफ थोडी ओली येते, पण माणसं जिवंत राहतात. त्यामुळे ह्यांच्या खात्यात दोन नियम होते. एक, पाणी नेहमी खुणेच्या एक बोट वर ठेवायचं. दोन, ज्याला कमी दिसेल त्याने भरायचं आणि गाजावाजा करायचा नाही, कारण विचारत बसलात तर तोवर छप्पर उडालेलं असतं.

हे दोन्ही नियम ह्यांनी घरी आणले. आमच्याकडे पाण्याचा जग अर्धा दिसणार नाही, साखरेच्या डब्याचा तळ कोणी बघितलेला नाही. पाहुण्याने ग्लासातून घोट घेतला की ग्लास पुन्हा काठोकाठ. भिडेखातर बिचाऱ्या लोकांनी आमच्याकडे किती पाणी प्यायलं असेल ते त्यांनाच माहीत. भाजीत मीठ कमी वाटलं तर मी टाकते, मागून मुलगा टाकतो, मग हे टाकतात, आणि जेवताना सगळे मिळून मूग गिळून बसतात. सून नवीन असताना हसायची. आता तीही जाता येता काही ना काही भरत असते.

तर गाडीचं निदान. आमचा मुलगा कॉम्प्युटरवर काम करतो, त्यामुळे जगातल्या सगळ्या यंत्रांचं आपल्याला कळतं अशी त्याची समजूत आहे. त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी म्हणाला आतल्या पट्ट्या घासल्या. दुसऱ्या दिवशी सेन्सर गेला. तिसऱ्या दिवशी सरळ म्हणाला गिअरबॉक्स संपला. मग त्याने एक वायरवालं यंत्र मागवलं, ते गाडीला जोडलं, आणि यंत्राने सांगितलं की दोष नाही. तेव्हा तो म्हणाला की यंत्रात दोष आहे.

शेवटी मी मिस्त्रीला फोन करायला लावला. आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीला सगळे 'बघू' म्हणतात. कारण गाडी कधी मिळेल विचारा, काय झालंय विचारा, घरचे सगळे बरे का विचारा, तो 'बघू' म्हणतो. खरं नाव त्याच्या बायकोला माहीत असावं. फोनवर तो मुलाला म्हणाला की थेंब पडताहेत म्हणजे तेल कमी झालं असणार, जरा भरा आणि घेऊन या, बघू.

आम्ही गाडी घेऊन गेलो. आणि डॉक्टरच्या दारात ताप उतरतो ना, तसं झालं. बघूने गाडी आसपासच्या गल्ल्यांमधून फिरवून आणली, तर ही बया लोण्यासारखी चालली. मी म्हटलं, अहो, तापल्याशिवाय आणि चढाशिवाय ही खोड दाखवत नाही. तो म्हणाला, बघू. आम्हाला बाकावर बसवून चहा दिला, मग बॉनेटखाली वाकून बराच वेळ काहीतरी केलं, हात पुसले आणि सांगितलं की दोन दिवस चालवा, नाही जमलं तर गिअरबॉक्स उतरवून बघू. गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे रविवार उलटणार. मी घरी आले ते दात ओठ खात.

दोन दिवसांत गाडी आणखी बिघडली. आता चढ नसला तरी लोंबकळायची, आणि फरशीवर थेंबांचं थारोळं. शुक्रवारी मी चपला ठेवायचं कपाट आवरायला काढलं. डोकं तापलं की मी कपाटं आवरते. तळाशी ह्यांचे बॉयलरवरचे जुने बूट होते, आणि त्या बुटांच्या मागे गिअरच्या तेलाची बाटली. अर्ध्याहून जास्त रिकामी. शेजारी माझं स्वयंपाकघरातलं नरसाळं, जे मी महिनाभर शोधत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे हे सगळं ह्यांचं काम. गाडी विकायची घाई ह्यांना, आणि लपून छपून गाडीत काहीबाही ओततात हे. वर आजारी आहे म्हणून गावभर सांगतात. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. एरवी मी तिथल्या तिथे बुटासकट सगळं बाहेर फेकलं असतं. पण त्या दिवशी मला कुठून अक्कल सुचली कोण जाणे, मी बाटली माझ्या पिशवीत घातली आणि तोंडातून शब्द काढला नाही. साक्षीदारांसमोर काढायची ठरवली.

शनिवारी सकाळी मी जाहीर केलं की बघूला घेऊन मी डोंगरावर जाणार, गाडी स्वतः चालवणार, आणि ज्यांना ती विकायची आहे त्यांनीही यायचं. हे कुरकुरले, पण आले. मुलगा तर येणारच होता. बघू पुढे माझ्या शेजारी बसला, बाप लेक मागे. बघूने सांगितलं की कोणी बोलू नका, मला ऐकायचंय. ह्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी गाडीत गप्प बसवलं, त्याबद्दल मी त्या माणसाची जन्मभर ऋणी राहीन.

सपाट रस्त्यावर गाडी बरी चालली. बघू डोळे मिटून, गिअरच्या दांड्याजवळ तळहात टेकवून बसला होता. झोपला की काय असं वाटून मी एकदा मुद्दाम खड्ड्यातून नेली, पण डोळे उघडले नाहीत. मग डोंगर लागला. पहिलं वळण झालं, दुसरं झालं, आणि तिसऱ्या वळणावर इंजिन कोकललं आणि गाडी जागच्या जागी खुळ्यासारखी उभी राहिल्यागत झाली. मागे ट्रक, पुढे चढ, एका बाजूला दरी. गचका बसून ती निघाली तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला, "मी म्हणत होतो."

बघूने डोळे उघडले आणि पुढे रस्त्याकडेला जरा सपाट जागा होती तिथे थांबवायला सांगितलं. इंजिन बंद करू नका म्हणाला. मला ब्रेकवर पाय ठेवायला लावून गिअरचा दांडा सावकाश सगळ्या खुणांवरून फिरवायला लावला. मग उतरून बॉनेट उघडलं आणि तेल बघायची लांब पट्टी बाहेर ओढली. पुसली, आत घातली, पुन्हा ओढली. मीही उतरून त्याच्या खांद्यावरून बघत होते. पट्टीवर तेल नव्हतं, फेस होता. गुलाबी, भांडी घासताना येतो तसा. आणि वरची खूण कुठल्या कुठे राहिली होती, फेस तिच्या कितीतरी वर चढला होता.

बघूने पट्टीकडे बघितलं, मग आमच्याकडे एकेक करून बघितलं. त्या दिवशी तो 'बघू' म्हणाला नाही.

"ही गाडी उपाशी नाही," तो म्हणाला. "हिला अजीर्ण झालंय."

मग त्याने समजावलं. तेल प्रमाणाबाहेर भरलं की आतली फिरणारी चाकं ते ताकासारखं घुसळतात. त्याचा फेस होतो, फेसात हवा असते, आणि हवेवर दाब धरत नाही. दाब नाही म्हणून गिअर पकडत नाही, सरकतो. गाडी जितकी तापेल तितका फेस जास्त, म्हणून चढावर खोड. आणि जास्तीचं तेल वरच्या हवा जायच्या नळीतून बाहेर पडतं. आपण फरशीवर थेंब बघतो, गळती लागली म्हणतो आणि आणखी ओततो. ही पट्टी इंजिन चालू ठेवून, गाडी तापल्यावर बघायची असते, तेव्हाच वरची खूण धरायची. थंड गाडीत तेल खालच्या खुणेशीच असतं. सकाळी गार गाडीत बघून वरच्या खुणेपर्यंत भरलं की झालं कल्याण. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी ही तऱ्हा.

"आता मला सांगा," तो म्हणाला, "ह्यात तेल ओततंय कोण?"

मी ह्याच क्षणाची वाट बघत होते. पिशवीतून बाटली काढली आणि गाडीच्या टपावर ठेवली. नरसाळंही ठेवलं. म्हटलं, विचारा ह्यांना. बुटांमागे लपवली होती. गाडी धडपणी विकता येत नाही म्हणून तिला आधी मारायला निघाले होते. माझ्याशी सरळ भांडायची हिंमत नाही, म्हणून मुक्या गाडीवर सूड. मी खूप बोलले. मैदानातल्या खांबापासून सुरुवात केली. दोन गाड्या थांबून बघून गेल्या.

हे खाली मान घालून ऐकत होते. माझा श्वास संपला तेव्हा म्हणाले की हो, भरत होतो. थेंब दिसले तेव्हापासून रोज सकाळी, तू उठायच्या आत. एक बोट वर.

मी विचारलं, "रविवारी विकायची होती ना? मग तेल कशाला ओतत होतात?"

"विकेपर्यंत चालवणार तूच होतीस ना," ते म्हणाले. "ह्या चढावर."

एवढं मोठं भांडण मी घरून बांधून आणलं होतं आणि त्यातलं अर्धं अजून शिल्लक होतं, पण ते कुठे ठेवावं कळेना. मला ह्यांचा राग येत होता, आणि ह्यांचा हात धरावासाही वाटत होता. ज्या माणसाने मला कधी नीट जपून जा असंही म्हटलं नाही, तो रोज पहाटे खाली जाऊन माझ्या गाडीची पातळी बघत होता. मी रडले असते, पण बघूसमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी नरसाळं उचलून पिशवीत घातलं.

बघू पट्टीकडेच बघत होता. तो म्हणाला की एका माणसाच्या बोटाने एवढं होत नाही. एक बोट वर आल्यावर हे थांबले असणार. हे म्हणाले, थांबलो होतो की. मग मुलगा खाकरला. व्हिडिओत सांगितलं होतं की गिअर सरकला म्हणजे तेल कमी, म्हणून ऑफिसला जाताना तो थोडं थोडं टाकत होता. पट्टीवर बुडबुडे दिसायचे, काही वाचता यायचं नाही, म्हणून वर आणखी जरा.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. हो, मीही. आत्तापर्यंत सांगितलं नाही कारण विषय निघाला नव्हता. दर बुधवारी डोंगरावर निघायच्या आधी मी माझ्या वेगळ्या बाटलीतून थोडंसं घालायचे. मला जवळचं दिसत नाही, पट्टीबिट्टी बघायच्या भानगडीत मी पडत नाही. भाजीत मीठ घालते तसं हाताच्या अंदाजाने.

मुलाने सुनेला फोन लावला, नुसती शंका म्हणून. ती तिकडून शांतपणे म्हणाली की गिअरचं ना, हो, ते मी शनिवारी शनिवारी टाकते, आजचं नुकतंच टाकलं सकाळी तुम्ही निघायच्या आधी, फार गळतंय ना. बाबाच म्हणतात की कमी दिसलं की भरायचं आणि बोलायचं नाही.

बघूने बॉनेटवर डोकं टेकवलं. बराच वेळ त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं हसतोय. सरळ उभा राहिला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. म्हणाला, काकू, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी गॅरेजमध्ये तुम्ही चहा पीत होतात ना, तेव्हा थेंब बघून मीही जरा घातलं. पट्टी न बघताच.

अति तिथे माती म्हणतात. आमच्याकडे मातीचा डोंगर झाला होता.

गाडी हळूहळू उतरवून गॅरेजमध्ये आणली. बघूने ती वर घेतली, खालचा बूच काढला आणि खाली बादली लावली. लाल फेसाळ तेल येतच राहिलं, येतच राहिलं. सगळे कडेने उभे राहून बघत होतो आणि कोणी कोणाच्या नजरेला नजर देत नव्हतं. त्याने ते सगळं काढून नवीन तेल भरलं, इंजिन चालू ठेवून, गाडी तापवून, पुन्हा पुन्हा पट्टी बघून. हे शेजारी उभे होते. भरून झाल्यावर त्यांच्या तोंडून गेलंच, जरा वर राहू दे. बघूने नुसतं बघितलं, आणि हे मागे सरकले.

परत डोंगरावर गेलो. ह्या वेळी हे माझ्या शेजारी. तिसरं वळण आलं. गाडीने तिसरा गिअर असा घेतला की कळलंसुद्धा नाही. मी तळ्यापर्यंत नेली आणि तिथून मुद्दाम अजून एक चक्कर मारली. ह्यांनी क्लच, ब्रेक, वळण, कशाबद्दल एक अक्षर काढलं नाही. फक्त त्यांचा डावा पाय गाडीच्या पत्र्यावर आपोआप दाबला जात होता.

इमारतीखाली गाडी लावल्यावर मी म्हटलं, आता तर बरी झाली, आता कशाला विकायची? हे खिडकीतून बाहेर बघत म्हणाले की गाडी ठणठणीत आहे हे कबूल, पण मी शब्द दिलाय. मित्राने त्याच्या गाडीची दोन गिऱ्हाइकं माझ्यासाठी परत पाठवली. शब्द दिलाय तो दिलाय.

झालं. मी सगळं जिंकून तिथेच हरले. ह्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, ती मला माहीत होती. भांडायलाही काही उरलं नव्हतं, कारण पहाटे उठून तेल ओतणाऱ्या माणसाशी कोणत्या तोंडाने भांडायचं? मी घरात गेले आणि उरलेलं कपाट आवरलं.

रविवारी मित्र आला. खालून हॉर्न वाजवला, जिना चढून वर आला, हातात किल्ली नाचवत. मी स्वयंपाकघरात होते. आमच्या गाडीची किल्ली माझ्या पिशवीतून काढून मी ट्रेमध्ये ठेवली, शेजारी पाण्याचे ग्लास ठेवले. ताईला काय सांगायचं ते मनात जुळवत होते. आणि ट्रे घेऊन बाहेर येते तो हे आतल्या खोलीतून येत होते, भिंत धरून, लंगडत.

मित्र घाबरून उठला. अरे, गेल्या आठवड्यात तर दोन दोन पायऱ्या चढत होतास. हे कण्हत म्हणाले की काय सांगू, गुडघा पुन्हा धरलाय. क्लच काही जमायचा नाही ह्या जन्मात. ती ऑटोमॅटिकच बरी, आणि तीही आता हीच चालवते. तुझी गिऱ्हाइकं घालवली, तुला दिलेला शब्द मोडतोय, मोठ्या मनाने माफ कर.

ज्या माणसाने आयुष्यात खोटं बोलायचा सराव केला नाही, त्याला ते एकदम कसं जमणार? मला वरपासून खालपर्यंत दिसत होतं ते मित्राला केव्हाही दिसलं असतं. हे चांगले लंगडत होते, मनापासून लंगडत होते, पण उजव्या पायाने.

आमच्या घराचा नियमच आहे, ज्याला कमी दिसेल त्याने भरायचं, गाजावाजा करायचा नाही. मी ट्रेमधली किल्ली उचलून कमरेला खोचली, ग्लास मित्राच्या हातात दिला, आणि ह्यांच्या जवळून जाताना हळूच म्हटलं, "डावा."

ह्यांनी चालता चालता पाय बदलला.